सिन्नरच्या फाइली

रूपाली सातपूरच्या एका कारखान्यात तपासणीचे रिपोर्ट सांभाळायची. सिन्नरच्या प्लांटमधून नवनाथ रिपोर्ट पाठवायचा, म्हणजे सामाईक ड्राइव्हवर कुठेतरी टाकून द्यायचा. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. एकाचं नाव 'नवीन', दुसऱ्याचं 'नवीन खरं', तिसऱ्याचं 'बघून घेणे'. रोज दुपारी तिला त्याला फोन करावाच लागे. फाइल सापडेपर्यंत तो बोलत राहायचा: मेथीवर अळी पडलीय, बायकोचा गुडघा धरलाय, एसटी चुकली. आई गेल्यापासून रूपाली घरी एकटीच होती. कामापलीकडचे चार शब्द बोलणारा दिवसभरात हा एवढाच माणूस.

साहेबांनी ही शोधाशोध पायथन या संगणकाच्या भाषेवर टाकायला सांगितली. तिनं हौसेनं ती शिकून स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. ती सगळ्यात वरच्या फोल्डरपासून निघायची, प्रत्येक फोल्डरात शिरत तळापर्यंत जायची आणि सापडेल तो रिपोर्ट उघडून त्यातली मापं एका तक्त्यात भरायची. पहिल्या खेपेला काही रिपोर्ट सुटले. नवनाथला विचारल्यावर कळलं, जुन्या मशीनवरून येणाऱ्या फाइलींच्या नावाचा शेवट कॅपिटल अक्षरांत असतो; स्क्रिप्ट फक्त लहान अक्षरंच ओळखत होती. तिनं एक ओळ बदलली, आणि हातातला चहा संपायच्या आत पुरा तक्ता तयार झाला.

त्यानंतर फोन करायला कारणच उरलं नाही. दुपारी हात सवयीनं फोनकडे जाई नि मागे येई. तक्ता रोज बिनचूक निघत होता. एखादी फाइल सुटावी, असंही तिला वाटून गेलं.

शेवटी तिनं फोन लावलाच. पलीकडे मशीनचा खडखडाट होता.

"बोला मॅडम. कोणती फाइल घावंना?"

"सगळ्या मिळाल्या. सहज केला. मेथी कशी आहे?"

"मेथी काढली कवाच. आता फाइली हुडकून द्यायला माणूस लागंना, म्हून मला मशीनवर घेतलंय; ड्राइव्हवर टाकायचं तेवढं दुसरं कोणी बी टाकतंय. सुपरवायझर बघतोय, मॅडम. ठेवू का?"

"ठेवा," ती म्हणाली.

आपल्याच स्क्रिप्टनं त्याला खुर्चीवरून उठवलं, हे तिच्या ध्यानात आलं. पुन्हा फोन करून तसं सांगावंसं वाटलं; पण सांगून त्याला काय मिळणार होतं? ती डबा घेऊन कॅन्टीनमध्ये गेली. पॅकिंगच्या बायका बसल्या होत्या तिकडे वळली. त्यांनी सरकून जागा दिली आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवलं.