कुलरची नळी

उन्हाळ्यात अकोल्यात माणसांची डोकी फिरतात, त्यात नवल काही नाही. पण जठारपेठेतल्या त्या दुमजली घरात यंदा सामानाचंही डोकं फिरलं होतं. आधी मिक्सर गेला. शेंगदाण्याची चटणी वाटता वाटता बुडातून धूर निघाला आणि वास स्वयंपाकघरात दिवसभर राहिला. मग टीव्ही गेला. मग दुरुस्त होऊन आलेला मिक्सर पुन्हा गेला. दुसरी एखादी बाई कपाळाला हात लावून बसली असती. ज्योत्स्ना बसली नाही, कारण हे कोण करतं ते तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. ती वर राहत होती आणि तिचं नाव भावना.

भावना ज्योत्स्नाची मोठी जाऊ. ती आणि तिचा नवरा, म्हणजे ज्योत्स्नाचा थोरला दीर देवीदास, वरच्या मजल्यावर, खाली ज्योत्स्ना आणि सासू पार्वताबाई. नवरा शेखर अमरावतीला नोकरीला. शनिवारी यायचा, आणि जावांचा आवाज चढला की चपला घालून चौकात जाऊन उभा राहायचा. असा नवरा असून काय आणि नसून काय. भांडण कशावरून सुरू झालं हे आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं, पण चालवण्यात कुणी कसर ठेवली नव्हती.

ज्योत्स्नानं एक गोष्ट हेरली होती. वर भावनानं पाण्याची मोटर लावली, की खालचे दिवे लख्ख होत, पंखा पिसाळल्यासारखा फिरे आणि काहीतरी जळे.

"मुद्दाम करून राहिली थे," ती सासूला म्हणे. "वायर फिरवली असन तिनं."

"काहून फिरवन व? तिची ट्यूब त मोटर लावली का मिणमिणते म्हणे."

"घ्या, तुमी तिचीच बाजू घ्या."

बाजूच घ्यायची असती तर पार्वताबाई केव्हाच वर गेल्या असत्या. सासरे वारल्यावर देवीदासनं बोलावलं होतं, तरी त्या खालीच राहिल्या. ज्योत्स्ना लग्न होऊन आली तेव्हा तिला आई नव्हती. पहिल्या आजारपणात तिचे गुंतलेले केस मांडीवर घेऊन सोडवले ते या बाईनं. या एका माणसामुळे ती त्या घरात टिकली होती आणि हे माणूस हातचं जाईल, याचीच तिला खरी धास्ती होती. सासूला इन्सुलिनची सुई ती रोज स्वतः द्यायची, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज आपोआप उतरायचा.

आता नळीचं सांगायला हवं; ती गोष्ट मिक्सर जायच्या आधीची. होळी झाली की वर कुलर सुरू व्हायचा, आणि त्याचं जास्तीचं पाणी एका नळीतून ज्योत्स्नाच्या दाराशी, अंगणातल्या अर्थिंगच्या, म्हणजे विजेची तार जमिनीत पुरलेल्या, खड्ड्यात पडायचं. नळी सासऱ्यांनी लावलेली. दाराशी चिखल, चिखलावर मच्छर. काढा म्हणून सांगितलं तर भावना म्हणाली, "मामाजीनं लावली थे. मी हात लावत नाही." झालं, पेटली ज्योत्स्ना. सासू झोपली होती, वरचे गावाला गेले होते. तिनं विळा घेतला, नळी कापली आणि वरचं तोंड नालीकडे वळवून दिलं. अंगण दोन दिवसांत ठणठणीत कोरडं झालं. तिला फार बरं वाटलं. गुडघ्यांमुळे पार्वताबाई उन्हाळाभर अंगणात उतरल्याच नाहीत, त्यामुळे बोलणारंही कुणी नव्हतं.

आणि मिक्सर, टीव्हीनंतर फ्रिज गेला. मेकॅनिक अब्दुल सत्तारनं येऊन नीट करून दिला, तर आठवडा निघायच्या आत पुन्हा जळाला. भावनाच्या फ्रिजमध्ये जागा मागणं ज्योत्स्नाला जमणारं नव्हतं; इन्सुलिन माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवलं, पण त्या उन्हात माठातलंच पाणी कोमट. पार्वताबाईंची साखर चढली आणि मोरीत त्यांना भोवळ आली. औषध उष्णतेनं बाद झालंय, डॉक्टर म्हणाले.

देवीदास खाली आला तो दारातूनच बोलला. "आईले वर नेतो. तुह्या घरात औषध धड राहत नाही."

"राहीन कसं? तुमी मोटर लावता अन् माहं सामान जाळता."

"जीभ आवर, ज्योत्स्ना."

मागे भावना उभी होतीच. "आमी जाळतो? मंग पोलिसात जा न."

"जाईन. तुमची काय भीती हाय काय मले?"

"बस करा व," पार्वताबाई म्हणाल्या. "फ्रिज नीट होईपर्यंत राहतो मी वर. माही गोधडी इथंच राहू दे."

गोधडी राहतेय म्हणजे सासू परत येणार. ज्योत्स्नाचा जीव थोडा खाली पडला.

जिना अंगणातून होता. भावनाचा हात धरून पार्वताबाई अंगणात उतरल्या आणि थांबल्या. खड्ड्यातली माती भेगाळली होती.

"हा खड्डा कोरडा काहून?" त्या म्हणाल्या. "तुह्या सासऱ्यानं मरताना सांगतलं होतं मले. या घराची न्यूट्रल वायर कच्ची हाय, सारं घर या अर्थिंगच्या भरवशावर चालते. खड्डा सुकला का एका मजल्याचं व्होल्टेज दुसऱ्यावर चढते, सामान जळते. म्हणून त त्यानं कुलरचं पाणी इथं सोडलं. वर कुलर चालू हाय म्हणून मले शंकाच नाही आली. नळी कोणं काढली?"

मिक्सर, टीव्ही, फ्रिज, सासूची भोवळ, सगळं तिच्याच विळ्याखालचं. एक वाक्य बोलायचं होतं. सासूनं एकटीनं विचारलं असतं तर ती पाया पडून बोलली असती. पण समोर भावना होती, आणि भावनाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू जमायला लागलं होतं.

"उंदरानं कुरतडली असन," ज्योत्स्ना म्हणाली.

पार्वताबाईंनी लोंबतं टोक हातात घेतलं आणि त्यावरून अंगठा फिरवला. काप सरळ होता. त्यांनी ज्योत्स्नाकडे एकदा पाहिलं, रागानं नाही, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"भावना," त्या म्हणाल्या, "माही गोधडीबी घे."

त्याच संध्याकाळी ज्योत्स्नानं नळीला जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळली. खड्डा ओला झाला. वर मोटर लागते, पण खालचा दिवा आता हलत नाही. फ्रिज नीट होऊन आला, गार चालतो. दारातल्या ज्या कप्प्यात इन्सुलिन असायचं, तिथं ती लिंबूसुद्धा ठेवत नाही. वरचा कुलर दिवसभर चालतो आणि त्याचं पाणी तिच्या दाराशी पडत राहतं.