आई-आप्पांचे गुडघे

आळे गावचे दादाभाऊ बायकोच्या गुडघेदुखीला नाटक म्हणत. तेही ओट्यावर, चारचौघांत. साधनाबाई कांदा निवडून भिंतीच्या आधाराने उठू लागल्या की ते शेजारच्या सावळेरामला डोळा मारत. "बघ, झाली सर्कस चालू."

त्यांची मुलगी नूतन पुण्यात इंजिनिअर होती. एकेका माणसाच्या गुडघ्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल बनवायचं आणि सांध्यातली गादी कुठे, कशाने झिजते ते शोधायचं, हे तिचं काम. तिला दुखरे गुडघे हवे होते, तसेच न दुखणारेही. आईला तिने घेतलंच होतं. दादाभाऊ आपण होऊन म्हणाले, "निरोगी मानूस पायजे ना? मला घे. खरा गुडघा कसा असतो ते कळू दे तुमच्या सायबांना."

दोघांचं एमआरआय झालं. पायांना चमकणाऱ्या गोळ्या चिकटवून कॅमेऱ्यांसमोर त्यांना चालवलं, बसवलं, उठवलं. काही आठवड्यांनी नूतन लॅपटॉप घेऊन घरी आली.

"आप्पा, तुमची गादी आईपेक्षा जास्त झिजलीय."

दादाभाऊंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. लगेच त्यांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का गं? माझा जास्त गेलाय! मी कदी कुरकुरलो? आता तर मशीनच बोललं."

"झिजलं तेवढं दुखतं, असं नसतं आप्पा. हे बघा." स्क्रीनवर आईचा गुडघा वाकला. उकिडवं बसून उठताना आतल्या बाजूचा एवढासा तुकडा लालभडक झाला. "सगळा भार इथे येतो. आई दिवसभर हेच करते. तुम्ही खुर्चीत असता."

"खुर्चीत बसायला बी नशीब लागतं," म्हणत दादाभाऊ खदाखदा हसले.

साधनाबाई त्या लाल तुकड्याकडे बघत राहिल्या. लोकांपुढे इतकं ऐकून घेतल्यावर कधीकधी त्यांनाच वाटायचं, आपण खरंच कांगावा करतो का? बाजारात सडका टोमॅटो उचलून परत टाकावा, तशी एक नजर त्यांनी नवऱ्यावर टाकली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाभाऊंची खुर्ची उचलून अंगणात नेली. लोखंडी कॉटवर कांदा ओतून घेतला आणि खुर्चीत ताठ बसून निवडायला लागल्या. दादाभाऊ ओट्यावर आले, जागा रिकामी पाहून चडफडले आणि पायरीवर टेकले. तेवढ्यात सावळेराम आणि ओट्यावरचा दुसरा सोबती रामदास आले.

"च्या टाक गं," दादाभाऊ ओरडले.

साधनाबाईंचे हात थांबले नाहीत. "तुमचा दुखत न्हाई ना? मंग उठा आन टाका."

दादाभाऊंनी हसत सावळेरामकडे पाहिलं. सावळेराम चपलेचा अंगठा चाचपत होता. शेवटी दादाभाऊ उठले, आत गेले. बराच वेळ भांडी आपटली, डबे उघडले-मिटले. कप आले तेव्हा चहा फिक्कट होता आणि साखर नव्हतीच. पाहुण्यांनी मुकाट्याने प्यायला.

साधनाबाईंनी एक घोट घेतला.

"जलमभर आयता च्या प्याले, आन घरात साखर कुठं असती ते ठाव न्हाई," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. उरलेला चहा त्यांनी बाजूच्या मातीत ओतला आणि कांद्याचा पुढचा ढीग जवळ ओढला.