न धुतलेला ट्रक

माझ्या हातात एक तर कवळ्या असतात, नाही तर ट्रक. कवळ्या पोटासाठी, ट्रक जिवासाठी. दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या साच्यांवर दिवसभर दात बसवायचे आणि घरी आलं की तसल्याच कानशीने, तसल्याच चिमट्याने खऱ्या ट्रकच्या चोविसाव्या भागाएवढे ट्रक करत बसायचं, असं माझं बारा वर्षं चाललंय. यातून काय मिळतं, असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं मी सोडून दिलंय. तासन्‌तास टीव्हीसमोर बसून त्यांना काय मिळतं हे मी विचारते का?

सासरे आमच्याकडे राहायला आले ते नाइलाजाने. एकतीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला, तोही काचेच्या मालाचा. खिडक्यांच्या, दुकानांच्या मोठमोठ्या काचा. मग एका डोळ्याची नजर गेली, दुसरा अधू झाला आणि दोनदा गॅस चालू ठेवून ते घराबाहेर पडले, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यांना एकटं ठेवू नका. नवरा जाऊन त्यांना घेऊन आला.

आले, पण पाहुण्यासारखे. खुर्चीच्या कडेवर बसायचे. पाणी हवं असलं तरी विचारायचे. आपलं ताट स्वतः धुवायचे, आणि घरात असे चालायचे, जणू अजूनही मागे काचा भरलेल्या आहेत. दोन महिने झाले तरी त्यांचे कपडे पिशवीतून कपाटात गेले नव्हते. मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. अहो, घर आहे, धर्मशाळा नाही!

एकदाच ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याने वाकून बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, मागचे पाटे उलटे बसवलेत तू." पाटे म्हणजे चाकांवरच्या त्या वाकलेल्या स्प्रिंगा. मी भिंग लावून पाहिलं, तर खरंच उलटे होते. बारा वर्षांत माझी चूक काढणारं माणूस मला घरातच भेटलं म्हणून मी आनंदाने ओरडले. त्यांना वाटलं, मी चिडले. त्यानंतर ते टेबलाकडे फिरकले नाहीत.

तेव्हाच मी ठरवलं की यांचा स्वतःचा ट्रक करायचा.

जुन्या अल्बममध्ये त्याचा एकच फोटो होता. निळा, लांब नाकाचा ट्रक आणि त्याच्यापुढे हाताची घडी घालून उभे असलेले तरुण सासरे. तो फोटो मी टेबलाच्या खणात लपवला आणि कामाला लागले. चौकट, धुरा, डिझेलची टाकी, काचा उभ्या ठेवायच्या तिरक्या घोड्या, आरसे. आरशांनी तर माझ्या नाकी नऊ आणले. सासरे बाहेर फिरायला गेले की मी बसायची, आणि दाराचा आवाज आला की टॉवेल टाकायची. चोरून ट्रक करणारी सून जगात मी एकटीच असेन.

ट्रक संपत आला होता आणि नाश्त्याला ते म्हणाले, "येत्या रविवारी मी निघतो. घर बंद राहिलं की खराब होतं."

नवऱ्याने समजावलं, डॉक्टरांचं नाव घेतलं, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. सासरे हलले नाहीत. मी म्हटलं, "जायचंच असेल तर जाऊ दे त्यांना." खरं सांगायचं तर मला ते घरात हवे होते. दाढी करताना ते शीळ घालायचे, ती हवी होती. शेजारच्या गाडीचा नुसता आवाज ऐकून "पट्टा सैल झालाय" म्हणणारं माणूस हवं होतं. पण हे तोंडावर बोलायला कुठे जमतं मला! मी आपली ट्रकवर तुटून पडले.

आता आमच्या छंदातली एक गोष्ट सांगायला हवी. चकचकीत नवा ट्रक कोणीही करेल. खरी कसोटी तो जुना दाखवण्यात असते. मी आधी गंजाचा रंग दिला, त्यावर मिठाचे दाणे चिकटवले, त्यावर निळा रंग मारला. वाळल्यावर मीठ खरवडून काढलं की रंगाचे पोपडे उडाल्यासारखं दिसतं. मग चाकांपासून वर चिखलाची पावडर, टाकीखाली तेलाचे ओघळ, बंपरवर तपकिरी डाग. फोटोत बंपरवर जसे होते तसेच, जागच्या जागी. असले ट्रक करणाऱ्यांच्या आमच्या मंडळात ट्रक जितका भंगार, तितकी वाहवा जास्त. हे माझं सगळ्यात सुंदर भंगार होतं.

शनिवारी दुपारी मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाकून तो चाकांपासून टपापर्यंत पाहिला. मी मनातल्या मनात कौतुक ऐकायला तयार होऊन उभी.

"माझी गाडी आहे ही?"

"हो! ओळखली ना?"

"माझी गाडी अशी कधीच नव्हती," ते म्हणाले आणि उठून खोलीत गेले.

मी कपाळाला हात लावला. नवरा म्हणाला, "अगं, ते रोज गाडी धुवायचे. आम्हाला आंघोळ घालायला वेळ नसायचा, पण गाडीला असायचा." मी म्हटलं, "हे आत्ता सांगतोस?" तो म्हणाला, "तू विचारलंस कधी? टॉवेलखाली काय आहे ते तरी मला सांगितलंस का?" त्याचं बरोबर होतं. पण राग आला तो आलाच. तीन महिने खपून काम केलं आणि त्यांना अपमान वाटला. त्याहून जास्त राग माझाच आला, कारण उद्या ते हेच मनात घेऊन जाणार होते.

तासाभराने ते बाहेर आले. एका हातात वाटीभर पाणी, दुसऱ्या हातात मऊ फडकं. मला न विचारता माझ्या खुर्चीत बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी न विचारता केलं त्यांनी. आणि ट्रक धुवायला लागले.

पावडर पक्की करायचा शेवटचा थर मी अजून दिला नव्हता, त्यामुळे चिखल भराभर निघाला. माझा जीव वरखाली होत होता, पण मी तोंडावर बोट ठेवून शेजारी बसले.

"घाणेरड्या गाडीत कोणी काच भरत नाही," ते म्हणाले. "बंपर तर मी रॉकेलने पुसायचो. हे डाग कुठून आणलेस?"

मी खणातून फोटो काढून दिला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, नखाने खरवडला आणि हसायला लागले. डाग बंपरवर नव्हते, फोटोवर पडले होते. ओल लागून. मी भिंगातून बघून बघून ते एकेक करून रंगवले होते. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मिठाने उडवलेला रंग मात्र धुऊन परत येणार नव्हता. "हा सगळा पुन्हा द्यावा लागेल," मी म्हटलं. "उद्या तुम्ही निघालात की देईन. मग पाठवते."

ते पुसत राहिले. मग त्यांचं बोट ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या दारावर, खिडकीच्या खालच्या कडेवर थांबलं.

"इथला रंग गेलेला होता पण. एवढाच."

"कशाने?"

"तुझ्या सासूच्या कोपराने. पोरगा होईपर्यंत सहा वर्षं माझ्याबरोबर फिरली ती. खिडकीत हात टेकून बसायची, वाटभर बोलायची. पुढे दोनदा गाडी रंगवली, पण तेवढी जागा मी रंगाऱ्याला शिवू दिली नाही."

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या आधीच त्या गेल्या. या घरात त्यांच्याबद्दल कोणी बोललेलंही मी ऐकलं नव्हतं.

"करता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल. आधी दार पूर्ण रंगवायचं. ते वाळलं की तेवढीच जागा हलक्या हाताने घासायची. पण नेमकी किती, कुठपर्यंत, ते तुम्ही शेजारी बसून दाखवायला हवं."

"वाळायला किती दिवस?"

तो रंग तासाभरात वाळतो.

"आठ," मी म्हटलं.

दोनदा अख्खी गाडी रंगवून घेतलेल्या माणसाने चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"एवढ्याशा दाराला आठ दिवस?"

"आठच लागतात, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी फडकं पिळून वाटीच्या काठावर नीट वाळत घातलं.

"मग रंगाचे तीन हात दे," ते म्हणाले. "आणि एक वाळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस."