टाकीचा तळ

आई जाण्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, टाकीला तळ होता. मी स्वतः हात घालून पाहिला होता. एक फूट पाणी, खाली काळं गुळगुळीत प्लास्टिक आणि त्यावर पालकाचं एक गळलेलं पान.

टाकी आमच्या गॅलरीत आहे, कराडला, तिसऱ्या मजल्यावर. तिच्यातलं पाणी पंपाने वरच्या पाइपांत चढतं, पाइपांच्या भोकांत लावलेल्या पालकाच्या मुळांवरून वाहतं आणि परत टाकीत पडतं. माती कुठेच नाही. आईने तीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्त झाल्यावर म्हणाली, आता मातीवाचून काय होतं ते बघू.

बाटल्यांवर ज्याला पीएच लिहिलेलं असतं त्याला ती सामू म्हणायची. पालकाला सहा लागतो. रोपं पाणी पीत जातात तसा तो वर चढतो, मग अ‍ॅसिडचे थेंब घालून तो खाली आणायचा.

"किती?" तिने बुधवारी विचारलं.

"सहा पॉइंट चार."

"मग चार थेंब. आणि लगेच मोजू नकोस, जरा मुरू दे. भाजीत मीठ पडायच्या आत चव बघणारी तू."

"आणि दुसऱ्याच्या हातून सगळं करून घेणारी तू."

"मुलगी कशाला होऊ दिली मग?"

गुरुवारी सकाळी तिला दवाखान्यात नेलं आणि दुपारी तिथेच तिचा श्वास थांबला.

आमच्याकडे माणूस गेलं की घरातलं साठवलेलं पाणी ओतून टाकतात. पुष्पामावशीने पदर खोचला आणि माठ, पिंप, बादल्या, फ्रिजमधल्या बाटल्या, सगळं मोरीत रिकामं केलं. मग विचारलं, "जयू, अजून कुठे पाणी आहे?"

टाकीतलं पाणी आईने मंगळवारी स्वतः कालवलं होतं. "नाही," मी म्हणाले.

"गॅलरीत?"

"ते पाणी नाही. खत आहे."

मावशीने गॅलरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुसले.

रोपं पीत होती म्हणून मी रोज वरून बोअरचं पाणी घालत होते. बोअरचं पाणी जड असतं, क्षारांनी भरलेलं. दहाव्या दिवशी सामू सात झाला. मी पडलेलं पान काढायला हात घातला, तर हात खांद्यापर्यंत आत गेला आणि काहीच लागलं नाही. दोरीला बत्ता बांधून सोडला. दोरी दहा फूट उतरली. बाहेरून टाकी होती तेवढीच होती.

सामूच्या एका अंकाला पाणी दहा पटीने बदलतं, हे आईने मला शाळेत असताना शिकवलं होतं. म्हणून मला नवल वाटलं नाही. मी दहा पट थेंब घातले. बाटली अर्धी झाली. सामू सातच राहिला.

संध्याकाळी खालचे कणसेकाका आले. दारातच उभे राहिले.

"जयू, तुझी टाकी आमच्या हॉलमध्ये उतरलीय."

"कुठे?"

"टीव्हीसमोर. तसा त्रास नाही, आम्ही सोफा सरकवला. पण सकाळी सात वाजता आतून कुणीतरी ढवळतं."

"आई असेल. तिची वेळ सातचीच."

"तेच मी म्हणालो. तर तुझी काकू म्हणते, मग मी गाऊनवर नाही बसणार, वहिनींपुढे बरं दिसत नाही. चार दिवस झाले, पहाटे उठून साडी नेसते."

"मी सामू उतरवतेय, काका."

"उतरव. सावकाश उतरव. तिलाही तेवढीच सोबत होतेय."

नंतर भिंतींवर क्षार धरू लागला. आधी नळांवर, मग फरशीवर, मग आईच्या पलंगाच्या कडेवर. पांढरा, खरखरीत. सकाळी एक थर वाढलेला असायचा. खिडक्या लहान झाल्या. मासिक श्राद्धाला मावशी आली तेव्हा तिला दारातून आडवं होऊन यावं लागलं.

"घर केवढं आवळलंय गं. चुना काढलास?"

"क्षार आहे."

ती पलंगाच्या उरलेल्या जागेत बसली. मग म्हणाली, "मी त्या दिवशी तुला दोनदा विचारलं होतं."

"हो."

"ती माझीपण बहीण होती, जयू."

त्या दिवशी सामू आठ होता. मावशी गेल्यावर मी टाकीवर वाकले. शंभर फूट खाली, आमच्या इमारतीच्या पायाच्याही खाली, आई बसलेली दिसली. तिचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला.

"सामू किती?"

"सहा," मी म्हणाले.

"मग मुळं इथवर कशी आली? सहाला मुळं एवढी लांबत नाहीत."

वर पालकाची नवी पानं पिवळी निघत होती, फक्त शिरा हिरव्या.

"मीटर धुऊन ठेवतेस ना?"

"हो."

"जेवलीस?"

"हो."

"दोन्ही खोटं," आई म्हणाली.

मी पाणी घालणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर रोपांनी तिचं पाणी पिऊन संपवलं असतं. सामू नऊ झाला तेव्हा गॅलरीचं दार माझ्या खांद्यांएवढं उरलं होतं. माझ्या बोटांवरही थर बसला होता, मूठ नीट वळत नव्हती. मी दारातून कशीबशी सरकले आणि टाकीशी बसले. आता उठून उभं राहायला जागा नव्हती. आई हजार फुटांवर होती आणि केसांपासून पायांपर्यंत पांढरी झाली होती. पालकाची मुळं तिच्या दोन्ही मनगटांना गुंडाळलेली होती.

"घट्ट आहेत?" मी विचारलं.

"घट्टच. तुझ्यावर गेलीत." तिने वर बघायचा प्रयत्न केला. "पाणी फार जड झालंय गं. मान वर होत नाही. खरा किती आहे?"

"नऊ."

"अ‍ॅसिड?"

मी बाटली हलवून पाहिली. "तळाला थोडं आहे."

"एवढ्या पाण्याला ते काही पुरणार नाही," ती म्हणाली. प्रयोगशाळेत शेतकऱ्यांना निकाल सांगायची त्याच आवाजात. एवढंच. पुढे काय करायचं ते तिने सांगितलं नाही.

टाकीच्या बाजूला, गॅलरीच्या फरशीजवळ, पाणी सोडायची तोटी आहे. क्षाराने ती दगडासारखी झाली होती. मी बाटली तिच्यावर उपडी केली. फेस आला, बारीक चरचर झाली आणि पांढरं विरघळून खालचं निळं प्लास्टिक दिसलं. मी तोटी फिरवली. पाणी करंगळीएवढ्या धारेने गॅलरीच्या भोकाकडे वाहू लागलं. टाकीतली पातळी तसूभरही उतरली नाही. मागचं दार मिटत आलं होतं.

खाली आईने मुळांतून मनगटं सोडवून पाहिली.

"निघू का मग?" तिने विचारलं.

दवाखान्यात तिने हेच विचारलं होतं. मी तिची चादर सारखी केली होती आणि डॉक्टर कधी येणार ते नर्सला विचारायला बाहेर गेले होते.

निघताना दारात उभ्या असलेल्या माणसाला आमच्या घरात "ये" म्हणतात. दुसरा शब्द कुणी उच्चारत नाही.

मी पाण्याला ओठ लागतील इतकी वाकले.

"जा, आई," मी म्हणाले. मोठ्याने. "जा."