जनरेटरजवळची माती

२००१ च्या मार्चमध्ये केतकी अंटार्क्टिकाहून मुंबईला परतताना वाटेत शारजाला थोरल्या बहिणीकडे, मीनलकडे उतरली, आणि मीनलच्या पोटात दुखायला लागलं. दोघीही केमिस्ट, पण लग्नानंतर मीनल इथल्या औद्योगिक भागातल्या लॅबमध्ये टाक्यांचं पाणी तपासत राहिली आणि धाकटी थेट बर्फावर पोचली. दुबईच्या बर दुबई भागातली ओळखीची मंडळी पेंग्विनचे फोटो बघायला येत होती. मीनल त्यांच्यासाठी चहा टाकत होती.

“ताई, आमच्या संशोधन तळावरच्या जनरेटरजवळची माती आणलीय. शिसं फार निघालं तिच्यात. तू एकदा तपासशील?” केतकीने विचारलं.

हिचं चुकलेलं निघू दे, असं मनात म्हणतच मीनलने लॅबमध्ये मशीन लावलं. आकडे जुळले. घरी येताना वाटेत तिला खोटं बोलावंसं वाटलं.

“बरोबर आहे तुझं,” ती शेवटी म्हणाली.

केतकीचे डोळे भरून आले. “चुकलं असतं तर बरं झालं असतं गं. जिथे कधी कुणी राहत नव्हतं, तिथेही आपण घाण करून ठेवली.”

मीनलने तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवतानाही तिच्या मनात आलं, रडायला का होईना, ही तिथे जाऊन तरी आली.