आईच्या हातांचा वास

रखमा किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची आणि पाटी लवकर रिकामी झाली की लेकीकडे डोकवायची. लेक तेजल बाजाराच्या मागच्याच रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर राहायची. त्या घरात शिरण्याची रखमासाठी एक रीत ठरून गेली होती. तेजल दारापासून बाथरूमपर्यंत वर्तमानपत्रं अंथरून ठेवी. रखमानं त्यांवरूनच जायचं, अंग घासून आंघोळ करायची, लेकीनं दिलेला गाऊन घालायचा, लुगडं पिशवीत गाठ मारून बाहेर जिन्यात ठेवायचं आणि मग खिडकीजवळच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचं. भिंतीला टेकायचं नाही, पलंगाला हात लावायचा नाही. एवढं करूनही ती गेली की तेजल स्टूल घासायची, दाराची कडी घासायची, आणि मग स्वतःचे हात. साबण संपेपर्यंत नाही, तर हात "बरोबर" वाटेपर्यंत. तसे ते कधी वाटतच नसत.

लहानपणी हीच तेजल करंदी, बारीक कोळंबी, सोलायला बसायची. लग्नानंतर कधीतरी, नेमकं कधी ते तिलाही सांगता येत नव्हतं, मासळीच्या वासानं तिच्या घशाशी येऊ लागलं. आधी मासळी, मग आईचं लुगडं, मग आईनं हात लावलेली प्रत्येक वस्तू. तिला वाटे, तो बुळबुळीतपणा एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर सरकत येतोय, आणि एकदा का उशीला लागला की आयुष्यभर निघणार नाही. हे खरं नाही, हे तिला कळत होतं. पण अंगाला ते कोण सांगणार?

एका दुपारी रखमा आली ती हात पदराखाली झाकून. विनोद, तेजलचा नवरा, सुट्टी असल्यामुळे घरीच होता. त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा तिला हात बाहेर काढावे लागले. तळवे सोललेल्या कोळंबीसारखे दिसत होते, गुलाबी आणि ओले. बोटांच्या बेचक्यांत फोड आले होते.

"आई, हे काय झालं?" विनोदनं विचारलं.

"काय नाय. फिनाइलनं धुतले. वास जाईना ना, मंग पानी न घालताच लावला. पोरीला तरास नको."

तेजलनं ते हात पाहिले आणि तिच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर त्या फोडांतलं पाणी फरशीवर सांडेल. दुसरा विचार आला तो स्वतःच्याच शिसारीचा. ती बाथरूममध्ये जाऊन ओकली.

पुढच्याच आठवड्यात विनोद तिला पालघरला दीपा मॅडमकडे घेऊन गेला. मॅडम मानसोपचारतज्ज्ञ होत्या. बोलणं शांत, पण गुळमुळीत अजिबात नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ज्याची किळस येते त्याच्याजवळ जायचं, हळूहळू, पायरीपायरीनं. आणि गेल्यावर धुवायचं नाही. पुसायचं नाही. मनातल्या मनात 'काही झालं नाही, काही झालं नाही' असं घोकायचंही नाही. आजार धुण्यावर पोसला जातो."

"मग किळस जाईल?"

"कमी होईल. भीतीपेक्षा किळस चिवट असते, लवकर हलत नाही. पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. ती असतानाही जगता येतं, हे तुमच्या अंगाला शिकवायचंय."

तेजलला ते आवडलं नाही. तिला किळस नसलेलं जग हवं होतं.

सुरुवात सुक्या जवळ्यापासून झाली. आधी बंद पिशवी टेबलावर ठेवायची. मग तोंड उघडायचं. मग चिमूटभर तळहातावर घेऊन तोच हात मोबाइलला, कपाटाला, शेवटी उशीला लावायचा. जवळ्याचे बारीक काळे डोळे तळव्याला चिकटून राहत. तोंडात लाळ सुटे, भूक लागल्यावर सुटते तशी नव्हे, ओकारी येण्याआधी सुटते तशी, खारट. ती विनोदला विचारायची, "यानं काही होणार नाही ना रे?" आणि पूर्वी दिवसभर "नाही गं" म्हणणारा विनोद आता मॅडमनी शिकवल्याप्रमाणे म्हणायचा, "मी उत्तर देणार नाही." त्या दिवसांत तिला त्याचाही राग यायचा.

मग मॅडम तिला घेऊन बाजारात आल्या. ओट्यांवरून पाणी गळत होतं. त्यात रक्त, खवले, कापलेले कल्ले. कोणीतरी फेकलेलं आतडं तेजलच्या चपलेला चिकटलं आणि पुढल्या पावलाला ताणत आलं. रखमापुढे ओले बोंबील पडले होते, नाकातून गळणाऱ्या शेंबडासारखा मऊ, अर्धपारदर्शक ढीग, तोंडं उघडी.

"हात घाला," मॅडम म्हणाल्या.

तेजलनं हात घातला. थंड बुळबुळ बोटांच्या मधून सरकत मनगटापर्यंत आली. तिनं मूठ मिटली तर एक बोंबील मुठीतून निसटून पुन्हा तिच्याच हातावर पडला. पोटातून उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं. "काढू?"

"अजून नाही. किती वाटतेय किळस, शंभरात?"

"शंभर."

"बरं. आता हात बाहेर काढून ओढणीला पुसा. मग केसांना लावा."

तेजलचा हात केसांपाशी पोचतो न पोचतो तोच रखमा पाण्याचा डबा घेऊन उठली. "धू गो बाय, धू! कशाला पोरीचे हाल करता तुमी?"

"मावशी, पाणी नको."

"नको कसा? माज्या पोरीला उलटी होते, दिसत नाय तुमाला?"

"दिसतंय. तुम्ही पाणी दिलंत की तिला पुन्हा पटतं, की तुमचा हात घाणेरडा आहे."

रखमाच्या हातातला डबा तसाच राहिला. तिनं आपल्या सालं निघालेल्या तळव्यांकडे पाहिलं आणि खाली बसली. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. तेजल केसांना बोंबलाचं पाणी लावून उभी होती आणि तिला वाटत होतं, आपली कातडीच उतरवून इथे टाकावी. तशीच ती घरी गेली, तशीच जेवली. जेवताना प्रत्येक घास बुळबुळीत लागला.

पुढची पायरी आईची होती. बाजारातून उठून, आंघोळ न करता, थेट घरात आणि पलंगावर. तेजलनं मनाची तयारी केली होती. आईचं मन मात्र कोणी विचारलं नव्हतं.

रखमा उंबऱ्यापाशी आली आणि थबकली. तिच्या काखेत वर्तमानपत्र होतं, येताना तिनंच आणलेलं.

"आई, आज कागद नको. आत ये."

"नाय बाय. लुगड्याला पानी गळते."

"गळू दे."

"तुजा पलंग खराब होईल. मी इथंच बसते, जिन्यात."

"आई, ये ना गं."

"नाय सांगितला ना!" रखमा एकदम तडकली. "आदी कागदावरून चालवलास, आता पलंगावर बसवतेस. मी काय मानूस हाय का तुजा औषद? ठाव हाय, हल्ली घरी गेल्यावर मी तुज्या भावाच्या पोराला उचलत नाय. आदी घासते, घासते, मंग घेते. माजीच मला घान वाटते आता."

तेजलला म्हणायचं होतं, तू घाण नाहीस. पण समोरून वास येत होता, आंबूस, खारा, अंगात मुरलेला, आणि तिचं पाऊल मागे सरकलं होतं. ते वाक्य तोंडातून निघालं असतं तर खोटं ठरलं असतं.

"आई," ती म्हणाली, "मला तुझी किळस येते. आत्ता पण येतेय. माझ्या डोक्याचा आजार आहे तो, तुझी घाण नाही. मला ओकारी आली तरी तू उठू नकोस."

तिनं आईचं मनगट धरलं. चिकट होतं. एक खवला तिच्या अंगठ्याखाली आला. तिनं आईला ओढत आत आणलं आणि पलंगावर बसवलं.

पांढऱ्या चादरीवर ओला डाग हळूहळू पसरत गेला. तेजल त्याच्याकडे बघत आईला खेटून बसली. बाथरूमचा नळ आत थेंब थेंब गळत होता आणि तो आवाज तिला बोलावत होता. ती एकदा उठलीही. बाथरूमच्या दारापर्यंत गेली, कडीला हात लावला, आणि परत येऊन बसली. रखमा आधी काठावर अवघडून बसली होती. मग सकाळपासून उकिडव्या बसलेल्या तिच्या कमरेनं हार खाल्ली. ती कुशीवर कलंडली, तोंड लेकीच्या उशीत गेलं, आणि ती चक्क घोरू लागली.

उशीवर आईची लाळ ओघळली. तेजलला पुन्हा उमासा आला. तिनं तो गिळला.

संध्याकाळी शिफ्ट संपवून विनोद आला, तोवर रखमा दांडीला गेली होती. त्यानं चादर हुंगून नाक मुरडलं. "बाप रे! वास येतोय गं, खरंच."

"येणारच. आई झोपली होती."

"धुवायची?"

"रविवारी धुतो ना आपण? रविवारीच धुवू."

विनोद मुकाट्यानं उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. तेजलला खूप दिवसांनी हसू आलं. जिला आजार होता ती डागाशेजारी आडवी झाली, आणि ज्याला नव्हता तो पळाला होता.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना सराव सुटला, आणि बाजार पुन्हा सुरू झाल्यावर तेजलनं एकदा आई गेल्यावर गुपचूप अख्खा पलंग साबणानं घासला. मॅडमना सांगताना ती रडली. "परत करू या," एवढंच मॅडम म्हणाल्या आणि जवळ्याची पिशवी पुन्हा टेबलावर आली.

किळस अजून येते. कधी नुसती घशाशी घुटमळते, कधी ओकारी होऊन बाहेर पडते. रखमाच्या तळव्यांना नवी कातडी आली आहे. आता ती बेल न वाजवता दार ढकलते, वाटेत कपाटाला, फ्रिजला, भिंतीला मुद्दाम हात लावत येते आणि लेकीच्या तोंडाकडे बघत विचारते, "आली का गो उलटी?"

"येतेय," तेजल म्हणते. "बस तू. चहा टाकते."