काचेतला पंजा

दुपारच्या शांततेत टक् असा आवाज झाला आणि वैदेही भट्टीकडं धावली. ती काचेची शिल्पं करायची; शहराच्या छावणी भागातल्या घरामागं तिची भट्टी कित्येक दिवस हळूहळू निवत होती. आत काच होती, आणि काच घाईनं निवली की तडकते.

"भट्टी नाय ताई, माठावरचं झाकण हाय," मदतीला येणारी बानाबाई हसली. "रेवानं पाणी घेतलं."

हिवाळ्यात वैदेहीनं पितळी घंगाळात काठोकाठ मेण ओतून, घंगाळात भरलेल्या पाण्याचा जो आकार असतो तो मेणात घेतला होता. मेण कोमट असतानाच लेकीनं, रेवानं, त्यावर पंजा उमटवला. तो पुसायचं वैदेहीच्या जिवावर आलं. त्या मेणावरून काच ओतायची, तर साच्याचं प्लास्टर कालवायला पाणी हवं. नळ कोरडे, टँकर सगळे नव्या सोसायट्यांकडं वळलेले. उन्हाळाभर मेण माठामागच्या गारव्यात थांबलं. शेवटी पाणी मिळालं, मेणाभोवती साचा झाला, मेण वितळून गेलं आणि त्या पोकळीत काच भरली. आता तो पंजा असला तर काचेतच.

संध्याकाळी भट्टी गार लागली. दोघींनी साचा हलक्या हातानं फोडला. काच अखंड निघाली, निवळ पाण्यासारखी, आणि वर इवल्या बोटांचा ठसा.

"लई झाक! आता कुणी ह्यात तांब्या बुडवू नगा म्हंजे झालं," बानाबाई म्हणाली. वैदेही खळखळून हसली.

रेवानं ठशात पंजा ठेवला. बोटं बाहेर येत होती. तिनं ती आखडून पाहिली, तरी मावेनात.

"आई, माझा हा छोटा हात कुठं गेला गं?"